हे फर्मवेअर कुठल्या लॅपटॉपवर बनलं?

नव्या मुलाला पहिल्या आठवड्यात मी कोडची एकही ओळ लिहू देत नाही. त्यानं फक्त लॅपटॉप तयार करायचा. एक बोर्ड, एक केबल आणि एका जुन्या कामाचा सोर्स त्याच्या हातात देतो आणि सांगतो, यातून फर्मवेअर बनव, बोर्डात टाक, दिवा लुकलुकायला लागला की हाक मार. कोणालाही विचार, इंटरनेटवर शोध, पण जे जे केलंस ते वहीत उतरवून ठेव. इंटरव्ह्यूत पॉइंटर आणि आरटीओएसवर धडाधड उत्तरं देणारी मुलं इथे दुसऱ्याच दिवशी कावरीबावरी होतात. काहींना हा चक्क अपमान वाटतो. ‘‘सर, सेटअप झाल्यावर खरं काम कधी सुरू होणार?’’ असं एकानं विचारलंही होतं. हेच खरं काम आहे, हे त्याला तेव्हा सांगून पटलं नसतं.

आमचं पुण्यातलं ऑफिस लहान आहे. दुसऱ्यांच्या यंत्रांसाठी आम्ही फर्मवेअर लिहितो: पाण्याचे मीटर, पंपाचे कंट्रोलर, बागांमधले सेन्सर. सगळ्यांत कुठला ना कुठला रेडिओ असतो. वायफाय, ब्लूटूथ नाहीतर लोरा. यातली बरीच कामं आता ईएसपी३२ या चिपवर असतात. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीनं ती २०१६ मध्ये बाजारात आणली. २४० मेगाहर्ट्झपर्यंत धावणारे दोन कोअर, ५२० किलोबाइट रॅम, बहुतेक मॉड्यूलवर ४ मेगाबाइट फ्लॅश. एवढ्याशा जागेत कंपायलर मावत नाही. म्हणून प्रोग्राम लॅपटॉपवर कंपाइल करायचा आणि तयार झालेली बायनरी केबलनं चिपमध्ये उतरवायची. लॅपटॉपचा प्रोसेसर इंटेलचा किंवा एएमडीचा, चिपचा कोअर एक्सटेन्सा. त्यामुळे एका प्रोसेसरवर चालणारा आणि दुसऱ्यासाठी कोड काढणारा खास कंपायलर लागतो. त्याच घराण्यातली सी३ चिप घेतली तर तिचा कोअर रिस्क-व्ही, म्हणजे कंपायलर आणखी वेगळा. सोबतीला लिंकर, सीमेक, निंजा, पायथनच्या स्क्रिप्ट आणि एस्प्रेसिफचं आयडीएफ नावाचं फ्रेमवर्क. हा सगळा गोतावळा एकमेकांच्या आवृत्त्यांशी जुळलेला असावा लागतो. कंपायलर नवा आणि फ्रेमवर्क जुनं असं चालत नाही. पायथन बदललं तरी कुरकुर सुरू होते.

आमच्याकडे मुलं येतात ती बार्शी, इस्लामपूर, चाळीसगाव अशा ठिकाणच्या कॉलेजांतून. घरी त्यांचं इंटरनेट म्हणजे मोबाइलचा रोजचा दीड जीबीचा पॅक. आयडीएफचा रेपो सबमोड्यूलसकट आणि वर टूल उतरवायची म्हटलं, तर दिवसाचा पॅक एका बैठकीत उडतो. त्यात गिटचा क्लोन मधेच तुटला की राहिलेल्या जागेपासून पुढे सुरू होत नाही, पुन्हा पहिल्यापासून. हे माहीत नसलेली मुलं रात्री बारानंतर, नवा पॅक सुरू झाला की क्लोन लावून झोपतात आणि सकाळी लाल अक्षरं बघतात. सगळा इतिहास न घेता फक्त शेवटची अवस्था उतरवायची सोय गिटमध्ये आहे, आणि विंडोजसाठी ऑफलाइन इन्स्टॉलर पेनड्राइव्हवर नेता येतो, या दोन गोष्टी कुणी वेळेवर सांगितल्या असत्या तर कित्येक फायनल इयर प्रोजेक्ट वाचले असते. आमच्या ऑफिसात त्यासाठी एक हार्डडिस्क ठेवली आहे. ती मागायला बाहेरची मुलंही येतात. नेऊ देतो.

विंडोजवर पहिलं भांडण होतं ते फोल्डरच्या नावाशी. लॅपटॉप घेताना दुकानदारानं युजर म्हणून नाव आणि आडनाव असं पूर्ण टाकलेलं असतं, मधे मोकळी जागा सोडून. मग त्या युजरच्या फोल्डरात ठेवलेलं काहीही बिल्ड करायला गेलं की एखादं टूल मोकळ्या जागेपाशी रस्त्याचे दोन तुकडे करतं आणि ‘फाइल सापडत नाही’ म्हणून बसतं. हौसेनं देवनागरीत नाव टाकलेलं असेल तर आणखी पंचाईत. त्यात डेस्कटॉप ढगात ठेवायची विंडोजची सवय, आणि ‘प्रोजेक्ट’, ‘प्रोजेक्ट न्यू’, ‘प्रोजेक्ट न्यू फायनल’ असे एकात एक फोल्डर करायची मुलांची. विंडोजमध्ये पाथची जुनी मर्यादा २६० अक्षरांची. ती ओलांडली की एरर भलतीच येते आणि मुलगा कोडमध्ये चूक शोधत बसतो. अँटिव्हायरसचं वेगळंच. एका बिल्डमध्ये शेकडो बारक्या फाइली तयार होतात आणि तो इमानदारीनं प्रत्येक उघडून तपासतो. बिल्डचा फोल्डर त्याच्या तपासणीतून वगळला की तोच लॅपटॉप एकदम तरुण होतो.

म्हणून मी लिनक्स सुचवतो. पण लिनक्सचे नखरे निराळे. बोर्ड जोडला, पोर्ट दिसला, फ्लॅश करायला गेलं की ‘परमिशन डिनाइड’. सिरियल पोर्ट वापरायचा तर तुमचा युजर ‘डायलआउट’ नावाच्या गटात हवा. त्याला गटात घालायचं, आणि मग लॉगआउट करून परत लॉगिन करायचं. हे दुसरं कुणी करत नाही. मग मुलं प्रत्येक आज्ञेच्या आधी ‘सुडो’ लावायला लागतात. काम होतं. पण बिल्डच्या फोल्डरातल्या फाइलींची मालकी रूटकडे जाते, आणि दुसऱ्या दिवशी सुडो विसरला की कालपर्यंत चालणारा बिल्ड अडतो. सुडोनं सुटलेला प्रश्न व्याजासकट परत येतो, हे मी भिंतीवर लिहून ठेवायचं बाकी ठेवलं आहे.

उबुंटू २२.०४ वर एक गंमत बरीच गाजली. स्वस्त बोर्डांवर यूएसबीचं सिरियल करणारी सीएच३४० ही चिप असते. बोर्ड जोडला की पोर्ट क्षणभर दिसायचा आणि गायब व्हायचा. मुलं केबल बदलायची, बोर्ड बदलायची, शेवटी लॅपटॉपला दोष द्यायची. खरा प्रकार असा, की अंध व्यक्तींसाठीचे ब्रेल डिस्प्ले चालवणारा बीआरएलटीटीवाय नावाचा प्रोग्राम उबुंटूत आधीपासून असतो. एका ब्रेल उपकरणातही हीच चिप, हाच ओळख क्रमांक. त्यामुळे आपला बोर्ड दिसला की तो प्रोग्राम त्याला ब्रेल डिस्प्ले समजून ताब्यात घ्यायचा. कर्नलचा लॉग उघडला तर हे एका ओळीत लिहिलेलं होतं. घरात ब्रेल वापरणारं कुणी नसेल तर तो प्रोग्राम काढून टाकायचा, संपलं. उपाय एका मिनिटाचा; पण लॉग वाचायची सवय लागायला वेळ जातो. मुलं व्हॉट्सॲपवर स्क्रीनचा फोटो पाठवतात, त्यात नेमक्या शेवटच्या चार ओळी असतात, आणि त्या चारही ओळींचा अर्थ ‘वर काहीतरी बिघडलं’ एवढाच असतो. माझं उत्तर ठरलेलं: वर जा, पहिली एरर दाखव.

केबलबद्दल एकच सांगतो. मोबाइलच्या चार्जरसोबत येणाऱ्या काही केबलींत डेटाच्या तारा नसतातच. बोर्डावरचा दिवा लागतो, त्यामुळे केबलवर संशय येत नाही. आमच्याकडे अशी केबल सापडली की ती तिथल्या तिथे कापतो. ठेवली तर ती फिरून दुसऱ्याच्या टेबलावर येते.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल, पूर्वी बरं असेल. पूर्वी याहून वाईट होतं. २०१४ मध्ये ईएसपी८२६६ आली तेव्हा लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, आणि पुण्यात तपकीर गल्लीत तिची आठ पायांची मॉड्यूल दिसायला लागली. काही हजारांत पडणारं वायफाय काही शेकड्यांवर आलं होतं. कागदपत्रं चिनी भाषेत. सुरुवातीला तर तिला एटी कमांड पाठवून दुरूनच बोलायचं, आत स्वतःचा प्रोग्राम घालायची सोय नव्हती. त्याच वर्षी पुढे एसडीके आलं, पण ज्याला मोकळी साधनं हवीत त्यानं कंपायलर सोर्सपासून स्वतः बांधायचा. रात्री लावून ठेवायचं. सकाळी पाहावं तर कुठलंसं एक पॅकेज कमी म्हणून पहाटेच थांबलेलं. बोर्डात कोड टाकणारं ईएसपीटूल फ्रेड्रिक आल्बर्ग यांनी त्याच काळात लिहिलं. पुढे एस्प्रेसिफनं ते स्वतःकडे घेतलं आणि आजही आम्ही तेच वापरतो. २०१५ मध्ये अर्डुइनोतून ही चिप वापरता यायला लागली आणि कॉलेजांची चांदी झाली. एक बटण दाबलं की कोड बोर्डात. अर्डुइनोला नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. पण त्या बटणामागं काय चालतं हे चार वर्षांत एकदाही न पाहिलेला मुलगा थेट कंपनीत येतो, आणि तिथे गिऱ्हाईकाच्या शेतात दहा वर्षं चालायची वस्तू बनवायची असते.

नाशिककडची गोष्ट आता सांगायला हरकत नाही. कंपनीचं नाव तेवढं सांगत नाही.

द्राक्षबागेसाठी सेन्सर बनवणारी ती छोटी कंपनी. मातीतला ओलावा, पानावरचा ओलावा, तापमान. ऑक्टोबर छाटणीनंतर पान किती वेळ ओलं राहिलं यावर डाऊनी रोगाचा धोका ठरतो, फवारणी त्यावर ठरते, त्यामुळे शेतकऱ्यांचं या पेटीवर बारीक लक्ष असतं. पेटीत ईएसपी३२ आणि शेजारी सेमटेकची एसएक्स१२७६ ही लोराची चिप. निफाड, दिंडोरी भागात त्यांच्या पेट्या चांगल्या चालल्या होत्या. ज्या मुलानं फर्मवेअर लिहिलं तो दुसऱ्या नोकरीवर गेला. जाताना त्यानं सगळं परत केलं. परत करायच्या वस्तूंची कंपनीची यादी मी पाहिली आहे. लॅपटॉप, चार्जर, माउस, सिमकार्ड, ओळखपत्र. लॅपटॉप त्याच दिवशी फॉरमॅट होऊन हिशेबाच्या बाईंकडे गेला. नियमच तसा होता.

काही महिन्यांनी नव्या पेट्यांची ऑर्डर आली. नव्या मुलानं सोर्स उतरवला, आयडीएफची त्या वेळची सगळ्यात नवी आवृत्ती टाकली आणि बिल्ड मारला. एररचा पाऊस. तोवर आयडीएफ ५ आलं होतं, आणि त्या आवृत्तीत एक्सटेन्साच्या कंपायलरमध्ये ३२ बिटांच्या पूर्णांकाचा प्रकार ‘इंट’वरून ‘लाँग’वर गेला होता. आकार तोच, पण लॉग छापायच्या प्रत्येक ओळीत कंपायलर तक्रार करणार, आणि ही तक्रार आता नुसती वॉर्निंग नव्हती, एरर होती. फ्रीआरटीओएसमधली काही जुनी नावंही गेली होती. जुन्या आवृत्तीवर जावं हे त्याला कुणी सांगितलं नाही. त्यानं इमानेइतबारे एकेक ओळ दुरुस्त केली. बिल्ड झाला. टेबलावर दोन पेट्या ठेवल्या, त्या एकमेकींशी छान बोलल्या. बागेत लावल्या आणि मुक्या झाल्या. जुन्या पेट्यांचा डेटा गेटवेवर, म्हणजे सगळ्या पेट्यांचं ऐकणाऱ्या यंत्रावर येतोय, शेजारच्याच ओळीतल्या नव्या पेटीचा एक बाइट नाही.

तेव्हा मला फोन आला. मालक म्हणाले, ‘‘सर, कोड सगळा आहे आमच्याकडे. गिटवर आहे. हार्डवेअरचाच घोळ दिसतोय.’’ बागेत गेलो तर बागाईतदार काकांनी सरळ मुद्द्याला हात घातला. ‘‘जुनी पेटी बोलते ना साहेब? मग नवीच मुकी कशी? तुमी दोनी शेजारी शेजारी ठेवून बघा ना.’’

तेच केलं. टीव्ही बघण्यासाठी निघालेली आणि आता रेडिओ ऐकायला वापरतात ती स्वस्त एसडीआर डोंगल लॅपटॉपला लावली आणि दोन्ही पेट्या शेजारी ठेवल्या. जुनी पेटी ८६५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलत होती. नवी ८६८ च्या वर. म्हणजे मुकी नव्हतीच, गेटवे जिथे ऐकत नाही तिथे बोलत होती. टेबलावर दोघी जमल्या, कारण दोघी एकाच बिल्डच्या होत्या.

एसएक्स१२७६ ही चिप १३७ पासून १०२० मेगाहर्ट्झपर्यंत कुठेही लावता येते. भारतात बिनपरवाना वापरासाठी २००५ पासून ८६५ ते ८६७ चा पट्टा मोकळा होता, २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढला. युरोपातल्या लोराच्या मूळ वाहिन्या ८६८.१ पासून पुढे. चिपला देश कळत नाही. फर्मवेअर बनवताना मेनूतून जी संख्या निवडली, ती तिची मायभूमी. त्या कोडमध्ये मूळ ठेवलेली संख्या युरोपची होती, आणि गेलेल्या मुलानं ती त्याच्या लॅपटॉपवर मेनू उघडून बदलली होती. त्या बदलांची फाइल आयडीएफ आपोआप तयार करतं आणि गिटमध्ये टाकायची नाही अशा यादीत ती बऱ्याच ठिकाणी घातलेली असते, इथेही होती. कायम ठेवायचे बदल वेगळ्या ‘डिफॉल्ट्स’ फाइलमध्ये लिहायचे असतात. ते लिहिले गेले नव्हते. लॅपटॉप फॉरमॅट झाला त्या दिवशी त्या पेटीच्या भारतातल्या वास्तव्याचा पुरावा पुसला गेला. आणि नव्या पेट्या निव्वळ मुक्या असत्या तर परवडलं असतं. त्या नियमाबाहेरच्या वारंवारितेवर बोलत होत्या. याचा जाब कुणी विचारला असता तर तो कंपनीला विचारला असता, मेनूला नाही.

मग उलट्या दिशेनं तपास. जुनी पेटी उघडली, सिरियलची तार लावली आणि सुरू होतानाचा लॉग वाचला. आयडीएफनं बनवलेल्या प्रत्येक बायनरीत तिची छोटी कुंडली असते: प्रोजेक्टची आवृत्ती, कंपाइल झाल्याची तारीख आणि वेळ, आयडीएफची आवृत्ती, आणि ज्या ईएलएफ फाइलपासून ती निघाली तिचा हॅश. आयडीएफ ४.२ होतं, हे कळलं. प्रोजेक्टच्या आवृत्तीत गिटमधल्या कमिटचा क्रमांक होता आणि त्याला शेपूट ‘डर्टी’. गिटमध्ये नोंद न केलेले बदल फोल्डरात असताना बिल्ड मारला तर गिटचं वर्णन हे शेपूट लावतं. म्हणजे बागांमधून हिंडणाऱ्या त्या फर्मवेअरचा नेमका सोर्स गिटवर नव्हताच. किती ओळी वेगळ्या होत्या, एक की शंभर, हे कळायचा मार्ग नाही. ‘कोड सगळा आहे’ हे मालकांचं वाक्य त्या एका शेपटानं खोटं पाडलं.

पेटीच्या फ्लॅशची पूर्ण प्रत काढून घेतली. एन्क्रिप्शन लावलेलं नव्हतं म्हणून काढता आली. पण बायनरीतून बायनरी मिळते, माणसाचं डोकं मिळत नाही. वारंवारिता डोंगलनं मोजली, लोराचा स्प्रेडिंग फॅक्टर आणि बँडविड्थ स्पेक्ट्रमच्या चित्रावरून काढली, पेटी किती वेळ झोपते ते घड्याळ लावून. बॅटरी किती खाली गेली की पाठवणं थांबवायचं, सेन्सर तापल्यावर किती थांबायचं, अशा बारीक गोष्टी अंदाजानं. ज्यानं ते लिहिलं होतं त्याला फोन केला. भला मुलगा, आठवेल तेवढं सांगितलं. त्याच्यावर कुणी रागावू नये, असं मी मालकांना बजावलं. त्याला कुणी विचारलंच नव्हतं की बाबा, हे दुसऱ्या मशीनवर बनवून दाखवतोस का?

त्याहून चुटपुट लावणारा भाग पुढे आला. काही जुन्या पेट्या पहाटेच्या थंडीत अधूनमधून रीस्टार्ट होत. क्रॅश झाली की चिप सिरियलवर पत्त्यांची एक रांग छापते: अमुक पत्त्यावर होते, तिथे तमुक पत्त्यावरून आले. ते आकडे कोडमधल्या कुठल्या फाइलीतल्या कुठल्या ओळीचे, हे सांगते ती ईएलएफ फाइल, आणि तीही त्याच बिल्डची लागते. पुन्हा बिल्ड केलं आणि एखादी ओळ इकडची तिकडे असली की सगळे पत्ते सरकतात. ती ईएलएफही त्या लॅपटॉपबरोबर गेली होती. आमच्यापुढे क्रॅशचे स्वच्छ, नेमके पत्ते होते आणि गावाचा नकाशा नव्हता. शेवटी त्या पेट्यांत नवं फर्मवेअर घातलं, रीस्टार्ट थांबलं. का थांबलं ते मला आजही सांगता येणार नाही. अशा दुरुस्तीचे पैसे घेताना बरं वाटत नाही.

केन थॉम्प्सन यांनी १९८४ मध्ये छापून आलेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात दाखवून दिलं होतं, की सोर्स कितीही तपासला तरी तो कंपाइल करणाऱ्या कंपायलरमध्येच खोड असेल तर सोर्समध्ये काही दिसणार नाही. त्यांचा रोख घातपाताकडे होता. आमच्या धंद्यात घातपात करायला कुणाला सवड नाही. पण मुद्दा तोच लागू पडतो. पेटीत चालतं ते सोर्स, टूल आणि निवडलेल्या पर्यायांचं मिळून. यातला सोर्स तेवढा सांभाळायचा आणि बाकीचं कुणाच्या तरी लॅपटॉपवर सोडायचं, ही आपल्याकडची सर्रास रीत आहे.

आमच्याकडे आता प्रत्येक कामाची डॉकर इमेज असते. एस्प्रेसिफ स्वतःच आवृत्तीनिशी इमेज देतं. त्यात आयडीएफ, कंपायलर, पायथन सगळं जुळवून बसवलेलं. ४.२ हवं तर ४.२, आणि शेजारच्या फोल्डरात ५, एकाचा दुसऱ्याला त्रास नाही. शेपटीत ‘डर्टी’ असलेली बायनरी गिऱ्हाईकाकडे जात नाही. ती जाऊ न देणारी स्क्रिप्ट आहे, कारण असली शिस्त माणसाच्या भरवशावर टिकत नाही. बायनरीसोबत तिची ईएलएफ आणि निवडलेल्या पर्यायांची फाइल जपून ठेवतो. आयडीएफमध्ये कंपाइलची तारीख न छापता एकसारखी बायनरी काढायचा पर्याय आहे, तो चालू करून दोन वेगळ्या मशीनवर बनवलेल्या फाइलींचे हॅश ताडून पाहतो. जुळले की मगच रिलीज.

डॉकरनं सगळं सुटतं असं नाही. विंडोजवर कंटेनरच्या आत यूएसबी पोर्ट सरळ पोचत नाही, त्यासाठी वेगळी कसरत करावी लागते; आम्ही बिल्ड आत करतो आणि फ्लॅश बाहेरून. आमच्यातलाच एक तरुण सहकारी वाद घालतो. ‘‘सर, इमेज तयार आहे तर नव्या पोराला आठवडाभर हातानं का झुंजवता?’’ त्याचं म्हणणं चुकीचं नाही. तरी मी बदललेलं नाही. ज्यानं एकदा हातानं मांडलं आहे त्याला, इमेज बिघडल्यावर आत हात घालायची भीती वाटत नाही. गिऱ्हाईकाची वस्तू मात्र हातानं मांडलेल्या मशीनवर बनता कामा नये. शिकायला हात, विकायला इमेज, असा आमचा सध्याचा तह आहे.

या कामाचे पैसे मिळवणं हा वेगळाच तमाशा. कोटेशनमध्ये ‘बिल्डची व्यवस्था’ अशी ओळ घातली की गिऱ्हाईक पहिली तीच खोडतो. दिसत नाही ना काही. म्हणून आता वेगळी ओळ घालत नाही. इमेज, पर्यायांची फाइल, ईएलएफ आणि दोन पानी टिपण हा सोपवायच्या मालाचाच भाग, आणि शेवटचा हप्ता गिऱ्हाईकाच्या माणसानं त्याच्या ऑफिसात, त्याच्या मशीनवर फर्मवेअर बनवून दाखवल्यावरच घ्यायचा. हे आम्ही आमच्याच गळ्यात बांधून घेतलं आहे. सुरुवातीला हप्ते लांबले. आता रात्रीचे फोन कमी झाले आहेत. आयडीएफच्या एका आवृत्तीला एस्प्रेसिफ ३० महिने सांभाळतं. द्राक्षाची बाग दहा-बारा वर्षं सहज चालते. मधली वर्षं कुणी सांभाळायची, हे पेटी विकताना ठरलेलं बरं.

कॉलेजातल्या मास्तरांना एक विनंती आहे. प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेला विद्यार्थी चालता बोर्ड घेऊन येतो, दिवे लागतात, मोबाइलवर आकडे दिसतात, मार्क मिळतात. यंदा एवढंच करा. त्याचा लॅपटॉप बाजूला ठेवा, शेजारच्या गटाचा लॅपटॉप द्या, आणि तिथे त्याच्या सोर्सपासून फर्मवेअर बनवून बोर्डात टाकायला सांगा. आवृत्त्या लिहून आणलेला कागद जवळ ठेवायला परवानगी द्या. आणि त्याचे मार्क वेगळे ठेवा, शंभरात वीस तरी.